पाकिटावर खरं लिहा, मग बघू

गच्चीवर, बाल्कनीत, परसात भाजी लावणाऱ्यांना जीएम, म्हणजे दुसऱ्या जीवाचं जनुक घातलेल्या, बियाण्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: नकोच. का नको, असं विचारलं की मात्र फाटे फुटतात. कुणी म्हणतं, त्याचं बी पुढच्या वर्षी उगवत नाही. कुणी म्हणतं, तो टोमॅटो पंधरा दिवस बाहेर राहिला तरी मऊ पडत नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे. कुणाला कॅन्सरची धास्ती, कुणाला कंपन्यांच्या मक्तेदारीची. कुणी पाकिटातलं गुलाबी बी तळहातावर घेऊन दाखवतं, हे बघा जीएम. यातल्या मक्तेदारीच्या मुद्द्यात दम आहे. बाकीच्यांतले बरेचसे मुद्दे जीएमचे नाहीतच. काही संकरित बियाण्याचे आहेत, काही बीजप्रक्रियेचे, तर काही बाजारासाठी जाड सालीचे वाण निवडून ते अर्धकच्चे तोडण्याच्या पद्धतीचे.

घरच्या बागेला आज जीएम भाजीची गरज नाही, असं माझंही मत आहे. पण त्यामागे भीती नाही, साधा कुंड्यांचा हिशेब आहे. एकरभर वांगी लावणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो आणि त्याचा निकाल आपण गच्चीवरून देऊ नये. सरकारकडे काही मागायचंच असेल तर बंदीपेक्षा पाकिटावरची पूर्ण माहिती मागावी, कारण येत्या काळात तीच सगळ्यात आधी हातातून निसटणार आहे.

आधी कायद्याची स्थिती. भारतात आजघडीला एकाही जीएम भाजीच्या लागवडीला परवानगी नाही. शेतात मोठ्या प्रमाणावर आलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस (अळीला मारणारं एका जिवाणूचं जनुक घातलेला), तोही २००२ पासून. डीएमएच-११ या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रकरण तिथेच अडकलं. म्हणजे बियाण्याच्या दुकानात मिळणारा चेरी टोमॅटो, रंगीत ढोबळी मिरची, ब्रोकोली, जांभळा कोबी, स्वीट कॉर्न यातलं काहीही रीतसर विकलं जात असेल तर जीएम नाही. बिनबियांचं कलिंगडही नाही. ते गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेलं संकरित पीक आहे, म्हणून त्यात बी भरत नाही. ‘तैवान पपई’ म्हणून विकली जाणारी रेड लेडी हीसुद्धा संकरित जात आहे. हवाईमध्ये १९९८ पासून लावली जाणारी विषाणूप्रतिकारक ‘रेनबो’ पपई मात्र जीएम आहे. या दोन पपयांच्या बातम्या एकमेकींत मिसळल्या आणि आपल्याकडे निरपराध रेड लेडी बदनाम झाली.

आणि जीएम पिकाशी आपला संबंधच नाही असं वाटत असेल तर फरसाणाच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. तिथे सरकीचं तेल दिसलं, तर देशातला बहुतेक सगळा कापूस बीटी आहे हे लक्षात घ्यावं. शुद्ध केलेल्या तेलात बीटीचं प्रथिन उरत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण ‘आमच्या घरात जीएम येऊ देत नाही’ हे म्हणणं तेवढं खरं राहत नाही.

आता संकरित बियाण्याचा घोळ सोडवू, कारण निम्मा वाद इथेच मिटतो. पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलेलं असतं तेव्हा दोन वेगळ्या, शुद्ध राखलेल्या वाणांचा संकर करून ते बी तयार केलेलं असतं. त्यात बाहेरच्या जीवाचं जनुक घातलेलं नसतं. त्या झाडाच्या फळातलं बी पुढच्या हंगामात पेरलं तर ते उगवतं, चांगलं उगवतं. फक्त सगळी झाडं सारखी निघत नाहीत. मूळ दोन वाणांचे गुण सुटे होऊन नव्याने वाटले जातात: एका कुंडीत लांबट फळ, शेजारच्या कुंडीत गोल, एक झाड गुडघाभर, दुसरं काठी मागणारं. ‘बी वांझ निघालं’ अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं, किंवा बी ओलसर डब्यात ठेवून मेलेलं असतं. ज्याला ‘टर्मिनेटर’ बियाणं म्हणतात, म्हणजे मुद्दाम वांझ केलेलं, त्याचं पेटंट १९९८ मध्ये गाजलं. पण ते तंत्र जगात कुठेही बाजारात उतरलं नाही. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात तर असं तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच करता येत नाही.

राहिला गुलाबी रंग. तो थायरम किंवा कॅप्टानसारख्या बुरशीनाशकाचा लेप असतो, आणि चुकून कुणी ते खाऊ नये म्हणून त्यात रंग मिसळतात. गंमत अशी, की ज्या पाकिटाला जीएम समजून लोक घाबरतात त्यातला खरा सांभाळण्यासारखा धोका या लेपाचाच असतो. असं बी पेरताना हातमोजे घालावेत, नसतील तर नंतर साबणाने हात धुवावेत, बी भिजवलेलं पाणी तुळशीत ओतू नये आणि उरलेलं बी मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नये. मायक्रोग्रीन्ससाठी, म्हणजे कोवळी रोपंच खायची असतील तर, लेप दिलेलं बी कधीच वापरू नये. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मेथी आणि धणे सोडून बाकीच्या मायक्रोग्रीन्ससाठी बरेच जण लागवडीचंच पाकीट फोडतात.

भाजीतल्या जीएमचा खरा वाद आपल्याकडे झाला तो वांग्यावरून. जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. ‘क्राय-१-एसी’ हे मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलेलं होतं. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूरही होतं, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी लागवडीला स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही. या प्रकरणातली एक बाजू चर्चेत मागे पडली. महिकोचे संकरित वाण होतेच, पण धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तेच जनुक सरळ वाणांतही उतरवलं होतं. सरळ वाण म्हणजे ज्याचं बी घरी राखता येतं. त्या वाणांत उडुपीचं गुळ्ळा वांगं होतं आणि आपलं मांजरी गोटाही होतं. म्हणजे ‘जीएम आलं की दरवर्षी बी विकत घ्यावं लागणार’ हे समीकरण तंत्रामुळे ठरत नाही. बी कोण बनवतो, कोणत्या वाणात बनवतो आणि कोणत्या करारावर विकतो, यावर ते ठरतं. स्थानिक वाण वापरताना स्थानिकांना विचारलं होतं का, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला, तो रास्तच होता. पण तो जैवविविधता कायद्याचा आक्षेप होता, जनुकाचा नव्हे.

बीटी वांगं ज्या किडीसाठी केलं ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. गच्चीवर ती कशी वागते हे नीट पाहिलं की आपल्याला त्या वांग्याची गरज का नाही ते कळतं. मादी पतंग रात्री पानाच्या खालच्या बाजूला, कळीवर, कोवळ्या शेंड्यावर एकेक अंडं घालते. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर पडते आणि काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. शेंड्यात शिरली की दुपारी तो एकच शेंडा मान टाकतो. बाकी झाड ताठ असतं, कुंडी ओली असते. नवखा माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतो आणि अळीला आठवडाभराची मोकळीक देतो. तो शेंडा उभा चिरला तर आत गुलाबीसर पांढरी, तपकिरी डोक्याची अळी आणि मागे ओलसर विष्ठेचा भुगा दिसतो. फळात ती बहुधा देठाच्या टोपीखालून शिरते आणि शिरल्याची खूण भरून येते. म्हणून फळावर जे गोल भोक आपल्याला दिसतं ते अनेकदा अळी बाहेर पडल्याचं असतं. भोक बघून औषध मारणारा रिकाम्या घरावर मारत असतो.

सहा-आठ झाडांवर याचा बंदोबस्त असा होतो. मान टाकलेला शेंडा, जिथपर्यंत कोमेजलाय त्याच्या खाली चार बोटं, कात्रीने कापायचा. कापल्यावर खोडाच्या तोंडाशी पोकळी दिसली तर अळी अजून खाली आहे, आणखी कापायचं. तुकडे साबणाच्या पाण्यात बुडवायचे किंवा पिशवीत बांधून दोन दिवस कडक उन्हात ठेवायचे. कंपोस्टच्या ड्रमात टाकायचे नाहीत. तिथे अळी आरामात कोष करते. कोष वाळक्या पानांत, ग्रो बॅगच्या दुमडलेल्या कडेत आणि मातीच्या वरच्या थरात असतो, त्यामुळे कुंडीखालचा पाचोळा दर आठवड्याला झाडून काढायचा. हे सातत्याने केलं तर पिढीची साखळी तुटते, कारण अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा तीन ते सहा आठवड्यांचा असतो.

जाळी लावायची तर रोप कुंडीत लावल्या दिवशीच लावायची. मच्छरदाणीच्या जाळीतून हा पतंग आत येत नाही. पण झाडावर अंडी पडून गेल्यावर जाळी लावली तर आपण किडीलाच घर बांधून देतो. जाळीच्या आत भुंगे येत नाहीत हे दुसरं दुखणं. वांग्याच्या फुलातले पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात, आणि ते पाडायला फूल थरथरवावं लागतं. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान फांदीला बोटाने टिचकी मारली तरी चालतं; विजेवर चालणारा टूथब्रश देठाला टेकवला तर उत्तम. तरीही काही फुलं गळतातच. ज्या फुलात मधली दांडी परागकोशांच्या आत दडलेली, आखूड असते ते फूल बहुधा धरत नाही. तो बियाण्याचा दोष नाही. कामगंध सापळ्याचं म्हणाल तर तो शेतात उपयोगी आहे, चार कुंड्यांच्या बाल्कनीत नाही: तो नर पतंग पकडतो, आणि अंडी घालायला मादी शेजारच्या गच्चीवरून गाभण होऊनच येते.

म्हणजे सहा झाडांवर जे काम रोज पाच मिनिटं डोळे आणि कात्री करतात, ते काम एकरभर वांग्यात करायला मजूर परवडत नाहीत. तिथे जनुकाचा हिशेब बसतो, इथे बसत नाही. शिवाय गच्चीवर वांगं मरतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी: पिठ्या ढेकूण, लाल कोळी, पांढरी माशी, आणि तुडतुड्यांमुळे पसरणारा बोकड्या, ज्यात पानं बारीक होऊन झाड झुडपासारखं फुटतं आणि फळ धरत नाही. यातल्या एकावरही बीटी जनुकाचा काडीइतका परिणाम होत नाही. ते फक्त पतंगवर्गीय अळ्यांवर चालतं. उद्या बीटी वांग्याचं रोप दुकानात आलं, तर गच्चीवाल्याला चौपट पैसे मोजून पिठ्या ढेकूण तेवढाच मिळेल.

इथे एक विसंगतीही बोलून टाकू. सेंद्रिय बाग करणारे अनेक जण कोबी-फ्लॉवरवरच्या अळीसाठी ‘बीटी’ची भुकटी पाण्यात कालवून फवारतात. तो तोच जिवाणू आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, आणि अळीच्या अल्कधर्मी पोटात त्याचं प्रथिन ज्या पद्धतीने काम करतं तीच पद्धत बीटी वांग्यात वापरलेली आहे. माणसाचं जठर आम्लधर्मी, आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नसते. मग फवारा पवित्र आणि जनुक पाप, असं कसं? फरक आहे, पण तो लोक सांगतात तो नाही. फवारलेलं बीटी उन्हाने दोन-तीन दिवसांत निकामी होतं, धुता येतं, गरज असेल तेव्हाच मारता येतं. (आणि शेंडा पोखरणाऱ्या अळीवर ते म्हणूनच फसतं; अळी आत शिरल्यावर पानावरच्या भुकटीला काही अर्थ राहत नाही.) जनुकाने तयार होणारं प्रथिन झाडाच्या भागाभागात, पूर्ण हंगामभर असतं. त्यामुळे किडीवर सततचा दाब राहतो आणि ती सरावते. हे आपण गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत बघितलं. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीटी कापसालाही ती पुरून उरली, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडं हातची गेली. बीटी पिकावरचा हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि नेमका तोच बागकामाच्या गप्पांत कुणी घेत नाही.

तो घरच्या बागेला कसा लागू होतो तेही बघू. किडीने सरावू नये म्हणून बीटी पिकाच्या कडेने साध्या वाणाच्या ओळी लावायच्या असतात, म्हणजे साधे पतंग शिल्लक राहतात आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होत राहतो. कापसात हे कागदावर राहिलं. आता समजा कुणी बीटी संकरित वांग्याचं बी घरी राखून पेरलं. जनुक एकाच जोडीदाराकडून आलेलं असेल तर पुढच्या पिढीत साधारण चारातल्या तीन झाडांत ते उतरेल, एकात नाही. शेजारी गावरान झाड असेल आणि भुंग्याने पराग नेला तर त्याच्याही काही बियांत. कोणत्या कुंडीत काय आहे ते डोळ्यांना कळणार नाही. हे सगळं कुणाच्या वाईट हेतूशिवाय, नुसतं हौसेने बी वाटल्यामुळे होईल.

शेतकऱ्याच्या बाजूने मात्र एक गोष्ट ठामपणे बोलायला हवी. बाजारातल्या वांग्यावर याच अळीसाठी हंगामभर पुन्हापुन्हा फवारणी होते, तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत होते, आणि ते वांगं आपणच भरतासाठी नेतो. बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली, जानेवारी २०१४ मध्ये पहिल्या २० शेतकऱ्यांना रोपं दिली. तिथल्या अनुभवात अळीसाठीचा फवारणीखर्च उतरला आणि उत्पादन वाढलं. त्याविरुद्ध मुद्दे आहेत. बोंडअळीचा वर मांडलाच. पण २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना माणसं दगावली, त्या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला ‘तुम्ही निंबोळी अर्क मारा’ असं चार कुंड्यांच्या अनुभवावर सांगणं शोभत नाही. पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी गर, रात्रभर भिजवून गाळलेला. गच्चीवर हे सोपं आहे. एकराला दोनशे लिटर पाणी धरलं तर दर फवारणीला दहा किलो गर वाटायचा. ज्याला वाटायचाय त्याला विचारून सल्ला द्यावा.

इथवरचा वाद शेतकऱ्यासाठी बनलेल्या बियाण्याचा. गेल्या काही वर्षांत घरचा बागवाला हाच गिऱ्हाईक धरून बियाणं तयार होऊ लागलंय, आणि तिथे प्रश्न थेट आपल्यापर्यंत येतो. इंग्लंडमधल्या नॉर्विच इथल्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅथी मार्टिन यांच्या गटाने स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची दोन जनुकं टोमॅटोत घालून आतून-बाहेरून जांभळा टोमॅटो केला. त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये आला. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२२ मध्ये त्याला मोकळीक दिली आणि फेब्रुवारी २०२४ पासून त्याचं बी तिथे घरगुती बागवाल्यांना विकलं जाऊ लागलं, दहा बियांना वीस डॉलर. घरापुरतं बी राखायला कंपनीची ना नाही, विकायला आहे. त्याआधी, २०२१ मध्ये, जपानमध्ये जनुक-संपादित (स्वतःच्याच जनुकात लहानसा बदल केलेल्या) ‘सिसिलियन रूज हाय गाबा’ टोमॅटोची रोपं सगळ्यात आधी घरगुती बाग करणाऱ्या हजारो लोकांना फुकट वाटली गेली. बाजारात फळं नंतर आली. लोकांच्या मनातली अढी कुंडीतून काढायची, हा हिशेब स्पष्ट आहे. मला त्यात कट दिसत नाही. काय देतोय ते सांगून दिलं, घेणाऱ्याने मागून घेतलं.

पण सांगितलं नाही तर काय होतं? २०१७ च्या एप्रिलमध्ये फिनलंडच्या यंत्रणेने जाहीर केलं की बाजारात मिळणारे काही नारिंगी पिटुनिया जीएम आहेत. मक्याचं एक जनुक घातलेले हे पिटुनिया मुळात १९८७ मध्ये जर्मनीत प्रयोगासाठी तयार झाले होते. तिथून कुठल्यातरी वाटेने ते पैदासकारांच्या हाती गेले आणि वर्षानुवर्षं युरोप-अमेरिकेच्या खिडक्यांत फुलत राहिले. कुणाला अपाय झाला नाही. पण विकणाऱ्या बहुतेकांनाही ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या बेकर क्रीक या पारंपरिक वाणांसाठी प्रसिद्ध असलेल्या बियाणे कंपनीने २०२४ च्या कॅटलॉगमध्ये ‘पर्पल गॅलक्सी’ नावाचा जांभळा टोमॅटो घेतला आणि तो जीएम नसल्याची खात्री देता येईना म्हणून मागे घेतला. बियाण्यातच ज्यांचं आयुष्य गेलं त्यांची ही गत, तर ऑनलाइन ‘पर्पल टोमॅटो सीड्स, ५० बिया, ९९ रुपये’ अशी जाहिरात बघून मागवणाऱ्याची काय असेल?

या एका बाबतीत डोळ्यांनी थोडंफार ओळखता येतं. जांभळट टोमॅटो साध्या पैदाशीचेही आहेत. ओरेगन स्टेट विद्यापीठाचा ‘इंडिगो रोज’ त्यातला प्रसिद्ध. त्याची फक्त साल जांभळी होते, तीही ऊन लागेल तिथेच. फळाला चिकटलेलं पान उचललं तर खाली हिरवा किंवा लाल ठसा दिसतो, आणि कापल्यावर आतून तो लालच असतो. इंग्लंडमधून निघालेला जीएम टोमॅटो गरासकट गडद जांभळा असतो. त्यामुळे ९९ रुपयांचं पाकीट बहुधा ‘इंडिगो’सारखंच काही असतं, किंवा नुसता रंगवलेला फोटो. मात्र न्यू जर्सीतल्या भावाने तो खरा जांभळा टोमॅटो हौसेने लावला असेल, तर त्याने तिथे खुशाल खावा. त्याच्या दहा बिया पाकिटात घालून पुण्याला बहिणीकडे पाठवू नयेत. १९८९ च्या नियमांनुसार परवानगीशिवाय जीएम बियाणं आणणं-लावणं इथे बेकायदा आहे, आणि जीएम नसलेलं बीसुद्धा वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) परवान्याशिवाय आणता येत नाही. ती दुसरी अट विषाणूंसाठी आहे आणि ती जास्त गंभीरपणे घ्यायला हवी. टोमॅटोचे काही विषाणू बियाण्यातून प्रवास करतात.

बीटी वांगं तरी तपासून ओळखता येतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कापसातलं बीटी ओळखणारी किट तयार केलीत. पानाचा तुकडा चुरडून द्रावणात टाकायचा, पट्टी बुडवायची, रेघ बघायची. जनुक-संपादनात ही सोय उरत नाही. त्यात झाडाच्या स्वतःच्याच जनुकात लहानसा बदल करतात, आणि अंतिम झाडात बाहेरचं जनुक राहत नाही. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा प्रकारच्या संपादित पिकांना जीएमच्या कडक नियमांतून वगळलं, आणि मे २०२५ मध्ये दोन संपादित भातवाण जाहीरही झाले. भाज्या मागोमाग येतील. विज्ञानाच्या अंगाने हे वगळणं मला पटतं. असा बदल निसर्गातही होऊ शकतो, आणि आपले अनेक सुधारित वाण किरणोत्साराने बदल घडवून काढलेले आहेतच. पण जे कुठल्याही पट्टीवर दिसणार नाही ते कळायचा मार्ग एकच उरतो: बनवणाऱ्याने लिहिणं. अन्नाच्या पाकिटावर ‘जीएम’ लिहायचा नियम २०१३ मध्येच आला. संपादित वाणाच्या बियाण्याच्या पाकिटावर ते संपादित आहे असं लिहिण्याचं बंधन हवं, आणि त्यासाठी आग्रह धरायला घरच्या बागवाल्यांइतका मोकळा, निःस्वार्थ गट दुसरा नाही. आपल्याला त्यात नफा नाही, तोटाही नाही. फक्त निवड हवी.

पाकिटावर जागा नाही, ही सबब टिकत नाही. बियाणे कायद्याखाली त्यावर आताच वाणाचं नाव, लॉट क्रमांक, उगवण टक्के, शुद्धता, तपासणीची तारीख, वैधता आणि बीजप्रक्रियेचं औषध छापावं लागतं. तिथे आणखी एक ओळ मावते: सरळ वाण, संकरित, जनुक-संपादित किंवा जीएम. खरं तर आज जे छापलेलं असतं तेही आपण वाचत नाही. वांगं-टोमॅटोला किमान ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६० टक्के उगवण अपेक्षित असते. वैधता तपासणीपासून साधारण नऊ महिने. ती उलटून गेलेलं पाकीट अर्ध्या किमतीत घ्यायचं आणि बी उगवलं नाही की ‘हल्ली सगळं जीएम झालंय’ म्हणायचं, हे थांबवलं तर आपल्या मागणीला थोडं वजन येईल.

आणि ज्यांना यातलं काहीच नको, त्यांना आपलं बी आपण राखण्याची वाट उघडी आहे. शेतकऱ्याला ब्रँड न लावता बी राखायचा, वाटायचा, विकायचा हक्क २००१ च्या त्याच कायद्याने दिलाय. घरी करताना अडचण येते ती अंतराची. प्रमाणित बियाण्यासाठी टोमॅटोला २५ मीटर, वांग्याला १०० आणि मिरचीला २०० मीटर अंतर राखतात. सोसायटीच्या गच्चीवर ते अशक्य, म्हणून फुलालाच झाकायचं. संध्याकाळी, उद्या उमलेल अशी फुगलेली कळी बघून तिच्यावर मलमलीची छोटी पिशवी चढवायची, तोंड सैल दोऱ्याने बांधायचं. दोन-तीन दिवस सकाळी बाहेरूनच टिचकी मारायची. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधायचा, नाहीतर घरातलंच कुणीतरी ते भाजीसाठी तोडतं. मांजरी गोटा, जळगावचं भरिताचं वांगं, गोव्याकडे आगशीचं वांगं, सगळ्यांना रीत हीच. बियांसाठी फळ पिवळं, कातडं निबर होईपर्यंत झाडावर ठेवायचं, म्हणजे खायच्या वेळेनंतर आणखी महिनाभर. मग गर पाण्यात कुस्करायचा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट तरंगतं. सावलीत आठवडाभर वाळवून, दाताखाली कट्‌कन तुटलं की काचेच्या बरणीत. निदान दोन-तीन झाडांचं बी एकत्र करावं. मिरचीच्या बाबतीत पिशवी विसरली तर पुढच्या वर्षी ढोबळी मिरची तिखट निघण्याची तयारी ठेवावी.

सगळ्यात मोठं भगदाड मात्र पाकिटात नाही, रोपवाटिकेत आहे. बहुतेक लोक बी पेरतच नाहीत, तयार रोप आणतात. त्या ट्रेवर खडूने लिहिलेलं असतं: ‘वांगी, काटेरी, १० रु.’ २०१९ मध्ये हरयाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यात बेकायदा बीटी वांगं शेतात उभं असलेलं सापडलं. असं काही पुढे कधी गच्चीपर्यंत आलंच तर याच वाटेने येईल. रोपवाटिकेने ट्रेला एक चिठ्ठी चिकटवावी: वाणाचं नाव, बियाण्याचा लॉट क्रमांक, पेरल्याची तारीख, पैदाशीचा प्रकार. बियाण्याचं रिकामं पाकीट नुसतं ट्रेच्या कोपऱ्यात खोचून ठेवलं तरी यातलं बरंचसं भागतं. रोप घेताना ते पाकीट दाखवा म्हणावं. नसेल तर दुसऱ्या ट्रेकडे वळावं.